आधीची यादी लागली, नंतरची लागलीच नाही: एका गावातलं सोयाबीन अनुदानाचं प्रकरण

गाव कोल्हापूरपासून पाऊण तासावर. नाव देत नाही, कारण इथं जे घडलं ते जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात घडलं असतं आणि बऱ्याच ठिकाणी घडलंही असेल. ऊस हे मुख्य पीक. खरिपात उसाच्या सरीत नाहीतर माळाच्या तुकड्यात सोयाबीन, थोडा भुईमूग. जमिनी गुंठ्यांत मोजाव्यात अशा. दीड-दोन एकरवाला म्हणजे आमच्याकडं बरा शेतकरी.

2023 च्या खरिपातलं सोयाबीन पडत्या भावात गेलं. त्या हंगामाचा हमीभाव होता क्विंटलला 4,600 रुपये. 2021 च्या ऑगस्टमध्ये काही बाजारांत दहा हजारांच्या आसपास गेलेला भाव ज्यांनी पाहिला होता, त्यांच्यासाठी हे दिवस फार कठीण होते. मग 2024 च्या अर्थसंकल्पात राज्य सरकारनं कापूस आणि सोयाबीन उत्पादकांना अर्थसाहाय्य जाहीर केलं. 0.20 हेक्टरपेक्षा कमी क्षेत्र असेल तर सरसकट 1,000 रुपये, त्याहून जास्त असेल तर हेक्टरी 5,000, तेही 2 हेक्टरच्या मर्यादेत. एकूण तरतूद 4,194 कोटी 68 लाख रुपयांची, त्यातले 2,646 कोटी 34 लाख सोयाबीनसाठी. भुईमूगवाल्यांना यात काही नव्हतं. आमच्या भागात शेंगा पिकवणाऱ्यांना ते आजही लागून राहिलंय, पण तो वेगळा विषय आहे.

2024 च्या ऑगस्टमध्ये ग्रामपंचायतीच्या फळ्यावर यादी लागली. खातेदाराचं नाव, जमिनीचा खाते क्रमांक, गट क्रमांक, पिकाचं क्षेत्र. कृषी सहायक गावात बसून संमतीपत्रं आणि आधारच्या झेरॉक्स गोळा करत होते. सामाईक खातं असेल तर बाकीच्या खातेदारांचं ना-हरकत पत्र हवं होतं. सगळा गाव त्या फळ्यासमोर उभा राहून गेला. 30 सप्टेंबर 2024 ला पैसे सोडायला सुरुवात झाली आणि फोन वाजू लागले. काहींचे वाजले, काहींचे नाहीत.

ज्यांचे वाजले नाहीत त्यांची ही हकीकत आहे. हे प्रकरण लिहून काढण्याचं कारण एकच: पैसे मिळण्याआधीची यादी गावानं पाहिली, पैसे मिळाल्यानंतरची कुणालाच दिसली नाही.

आत्तीचे 1,550 रुपये

माझी आत्ती पासष्टीच्या पुढची. मामा वारल्यावर जमीन तिच्या नावावर झाली. सोयाबीन 31 गुंठे, म्हणजे सातबाऱ्यावर 0.31 हेक्टर. पाच हजारांच्या हिशेबानं 1,550 रुपये. फळ्यावरच्या यादीत तिचं नाव होतं, तिनं मला बोट ठेवून दाखवलं होतं. संमतीपत्र दिलं, अंगठा नव्हे, सही केली.

दिवाळी गेली, पैसे नाहीत. ती बँकेत गेली. पासबुक भरून घेतलं. त्यात दूध संस्थेचं बिल होतं, दुधाच्या दराचा फरक होता, अनुदान नव्हतं. मग कृषी सहायकांकडं. ते म्हणाले, तुमचं काम आमच्याकडून पूर्ण झालंय, पोर्टलवर बघा. पोर्टलवर बघायला आधार क्रमांक टाकायचा आणि येणारा ओटीपी भरायचा. तिच्या आधारला जोडलेला नंबर होता मुलाचा, आणि मुलगा चाकणला कंपनीत. शिफ्टमध्ये मोबाईल लॉकरला. आम्ही तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा त्याचा फोन येईपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली.

"माझं नाव हाय न्हवं यादीत? मग पैसं कुठं गेलं? कुणी उचललं?"

हा प्रश्न ती जानेवारीपर्यंत विचारत राहिली. मला, कृषी सहायकांना, बँकेतल्या पोराला, सरपंचांना. तिला कुणी फसवलं नव्हतं. पण तसं तिला खात्रीनं सांगू शकेल असा एकही कागद गावात नव्हता. रक्कम दीड हजाराची. तेवढ्यासाठी ती चार वेळा तालुक्याला गेली. त्यातल्या दोन वेळा मी गाडीवरून नेलं, दोन वेळा एसटीनं गेली. एका खेपेला दिवस मोडला आणि धार चुकली.

पैसे कुठं होते ते शेवटी मे महिन्यात कळलं. ही रक्कम आधारवरून जाते. म्हणजे तुम्ही फॉर्मवर कुठलाही खाते क्रमांक लिहा, पैसे जातात ते आधारला सगळ्यात शेवटी ज्या बँकेचं खातं जोडलं गेलं तिथं. आत्तीनं काही वर्षांपूर्वी बचत गटाच्या कामासाठी दुसऱ्या एका बँकेत खातं काढलं होतं. तिथं केवायसी करताना आधार जोडला गेला. ते पासबुक गोधड्यांच्या ट्रंकेत तळाला होतं. त्यात 1,550 रुपये ऑक्टोबरपासून पडून होते.

यात भ्रष्टाचार नाही, गैरव्यवहार नाही. पण सात महिने एका बाईला आपले पैसे कुणीतरी खाल्ले असं वाटत राहिलं आणि तिनं मनातल्या मनात दोन-तीन माणसांवर संशयही घेतला. तेच जर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर "रक्कम अदा, अमुक तारीख, अमुक बँक" एवढी ओळ लागली असती, तर हे सगळं एका सकाळीत मिटलं असतं.

अर्ज आणि आडकाठी

जानेवारी 2025 मध्ये मी माहिती अधिकाराचा अर्ज केला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला. आपल्या राज्याच्या नियमात अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत हवा, म्हणून विषय नेमका ठेवला: आमच्या गावातल्या सोयाबीन अर्थसाहाय्याच्या खातेदारांची यादी, प्रत्येकाचं क्षेत्र, अदा झालेली रक्कम, तारीख, बँकेचं नाव, आणि रक्कम अदा झाली नसेल तर कारण. आधार क्रमांक, बँक खाते क्रमांक, मोबाईल नंबर नको, असं मीच खाली स्पष्ट लिहिलं.

तीस दिवसांच्या आत उत्तर आलं: माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्यानं कलम 8(1)(ञ) नुसार देता येत नाही.

मी पहिलं अपील केलं. त्यात दोन मुद्दे होते. पहिला, कायद्याच्या कलम 4(1)(ख) च्या बाराव्या बाबीत असं आहे की अनुदानाच्या कार्यक्रमांची अंमलबजावणी कशी होते, किती रक्कम दिली आणि लाभार्थी कोण, हे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणानं कुणी न मागता स्वतःहून प्रसिद्ध करायचं. जी माहिती फळ्यावर लावणं हेच कर्तव्य आहे, ती अर्ज करूनही नाकारता कशी येईल? दुसरा, कलम 10 नुसार एखाद्या कागदातला काही भाग देण्याजोगा नसेल तर तो झाकून उरलेला द्यायचा असतो. शिवाय नाव, गट आणि क्षेत्र तर कार्यालयानंच ऑगस्टमध्ये जाहीर लावलं होतं.

सुनावणी वीसेक मिनिटं चालली. अपिलीय अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि खातं-आधारचे रकाने झाकून यादी द्यावी, कागदपत्रंही दाखवावीत, असा आदेश दिला. हे मुद्दाम सांगतो, कारण सरकारी कार्यालय म्हटलं की आपण दार बंदच असणार असं धरून चालतो. कायदा हातात घेऊन गेलं की ऐकणारी माणसं भेटतात.

मे महिन्यातल्या एका सोमवारी मी यादी पाहायला गेलो. जिल्ह्यातल्या आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना अभिलेख पाहता यावेत, असा राज्य सरकारचा 2018 चा निर्णय आहे. फार कमी लोकांना तो ठाऊक आहे. टेबलावर लांबट कागदांचा गठ्ठा, एका ओळीत एक खातेदार, शेवटचा रकाना "शेरा". त्या शेऱ्याच्या रकान्यात अख्ख्या गावाच्या नऊ महिन्यांच्या प्रश्नांची उत्तरं होती. पानाला दोन रुपये भरून मी प्रती घेतल्या.

शेऱ्याचा रकाना वाचताना

आत्तीच्या ओळीवर बँकेचं नाव होतं, ते वर सांगितलं.

आमच्या वाड्यातल्या एका कुटुंबाचं खातं तीन भावांच्या सामाईक नावावर. कसतो एकटा मधला. थोरल्याशी त्याचं विहिरीच्या पाळीवरून वाजलेलं, त्यामुळं ना-हरकत पत्रावर सही राहिली. मधल्याचा समज असा झाला होता की आपला फॉर्म कार्यालयात कुणीतरी गहाळ केला. तो उघडपणे तसं बोलायचाही. यादीत शेरा होता: सामाईक खातेदाराची संमती अप्राप्त. तो कागद दाखवल्यावर त्याला बराच वेळ काही बोलता आलं नाही. मग आमच्या आण्णांनी दोघा भावांना एका संध्याकाळी समोरासमोर बसवलं. सही झाली. विहिरीचं भांडण अजून आहे.

तिसरी ओळ आमची स्वतःची. सव्वा एकर उसात आम्ही सोयाबीन आंतरपीक घेतलं होतं. ई-पीक पाहणी म्हणजे आपल्या पिकाची नोंद शेतकऱ्यानं मोबाईलवर स्वतः करायची; तिच्या अ‍ॅपमध्ये निर्भेळ (एकच) पीक की मिश्र पीक असं विचारतात. त्या गटाची नोंद मी केली होती, घाईत, पावसाची सर येताना बांधावर उभा राहून. मी "निर्भेळ" निवडलं आणि ऊस टाकला. नोंद केल्यावर 48 तासांत ती दुरुस्त करता येते, पण चूक झालीय हेच मला ठाऊक नव्हतं. उसात सोयाबीन होतं हे शेजारच्या चारही बांधांना माहीत, मळणीयंत्रवाल्याला माहीत, व्यापाऱ्याच्या वहीत त्याची पट्टी आहे. सातबाऱ्याला ते माहीत नाही. पुढं ई-पीक पाहणीत नसलेल्या पण सातबाऱ्यावर पिकाची नोंद असलेल्यांनाही सामावून घ्यायचं सरकारनं ठरवलं. त्यातही आम्ही बसलो नाही, कारण सातबाऱ्यावरही ऊसच. ही चूक माझी आहे आणि त्याचे पैसे मी मागत नाही. पण आंतरपीक घेणारी घरं आमच्याकडं गल्लीगल्लीत आहेत. प्रत्येकानं आपापली नोंद एकट्यानं केली आणि आपापली चूक एकट्यानं गिळली. नोंदी झाल्या झाल्या त्या चावडीत मोठ्यानं वाचल्या असत्या, तर "अरे, तुझ्या उसात सोयाबीन न्हवतं का?" असं कुणीतरी नक्की म्हणालं असतं.

मला हे प्रकरण मुख्यतः इथं येऊन थांबतंय असं वाटतं. ई-पीक पाहणीत शेतकऱ्यानं स्वतः केलेली नोंद प्रमाण धरतात आणि तलाठ्यानं त्यातल्या फक्त दहा टक्के नोंदी तपासायच्या असतात. हा विश्वास चांगला आहे. पूर्वी एकाच माणसानं कचेरीत बसून सगळ्या शिवाराची पिकं लिहायची, त्यापेक्षा कितीतरी चांगला. पण उरलेल्या नव्वद टक्क्यांना तपासणारं कोण? शिवार. कुणाच्या गटात काय पेरलं होतं हे बांधाला बांध असलेल्या माणसाइतकं कुणालाच कळत नाही. त्या माणसाला यादीच दाखवली नाही, तर फुकटात मिळणारी सगळ्यात पक्की तपासणी आपण आपल्या हातानं बंद करतो.

आणि पोर्टलनं तेच केलं. आधार टाका, ओटीपी टाका, स्वतःचं बघा. प्रत्येकाला फक्त स्वतःचं दिसतं. पैसा सगळ्यांचा आणि हिशेब ज्याचा त्याच्या मोबाईलमध्ये, असं हे झालं.

ज्याच्यावर बोट होतं तो

यादी येण्याआधी पारावर एका माणसाचं नाव चघळलं जात होतं. "त्येच्या रानात सोयाबीन कवा बघितलंय कुणी? तरी पैसं आलं." त्याला 1,400 रुपये आले होते, हे त्यानंच आनंदात सांगितलं होतं आणि तेच त्याला भोवलं. त्याच्या गावातल्या दोन्ही गटांत ऊस, हे सगळ्यांना दिसत होतं.

यादीत त्याच्या नावापुढं गट क्रमांक होता ओढ्यापलीकडचा. शेवटच्या टोकाला, आमच्याच शिवारात पण पलीकडच्या गावाच्या रस्त्याला लागून, त्याचे 28 गुंठे आहेत, बायकोच्या माहेरकडून विकत घेतलेले. तिकडं आमच्यातलं कुणी जात नाही. 0.28 हेक्टरला 1,400. हिशेब चोख. मी तो कागद त्याला दाखवला, तेव्हा त्यानं त्याची प्रत मागून घेतली आणि घडी घालून खिशात ठेवली. पुढं दोन-तीन दिवस तो पारावर बसताना ती घडी उलगडत होता. माहिती उघडी करायची ती चोर पकडायला, असं आपण धरून चालतो. इथं ती पहिल्यांदा कामाला आली एका सरळ माणसाची अब्रू राखायला.

चोराचं म्हणायचं तर एक नोंद सरळ नव्हती. नदीकडच्या एका गटावर चार वर्षं वीटभट्टी आहे, त्यावर सोयाबीन दाखवून रक्कम अदा झालेली. आणखी एका गटाचे मालक पुण्यात असतात, रान निम्म्या वाट्यानं दुसराच कसतो. बी त्याचं, खत त्याचं, भाव पडल्याचा फटका निम्मा त्याला, अनुदान सगळं मालकाला. पहिली नोंद नियमाबाहेरची आहे. दुसरी नियमात बसते. मला दुसरीचं दुःख जास्त वाटतं, कारण तिच्यावर तक्रारही करता येत नाही. वाटेकऱ्याचं नाव कुठल्याच रकान्यात नसतं.

"लोकांना कशाला दाखवता?"

15 ऑगस्ट 2025 च्या ग्रामसभेत मी ही यादी वाचायला घेतली. पाच-सहा नावांनंतर एक वैनी उठल्या. म्हणाल्या, "आमच्या खात्यावर काय आलं हे गल्लीला कशाला? उद्या उसनं मागाय माणसं दारात येतील."

मी थांबलो. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. एकट्या बाईच्या हातात पैसे आल्याचं गावभर झालं की काय होतं, हे आपल्याला ठाऊक आहे.

युरोपातही हा वाद झालेला आहे. तिथं शेतकऱ्यांना मिळणाऱ्या अनुदानाच्या याद्या नावासकट इंटरनेटवर येत. 2010 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं व्यक्तींची नावं अशी सरसकट जाहीर करणं रद्द ठरवलं. पुढं 2013 मध्ये नवा नियम आला: नावं जाहीर होतील, पण 1,250 युरोपर्यंतची छोटी रक्कम घेणाऱ्यांची झाकली जातील. त्या मापानं बघितलं तर आमच्या गावातलं एकही नाव बाहेर येणार नाही. दोन हेक्टरच्या मर्यादेत सोयाबीनची रक्कम दहा हजारांच्या वर जातच नाही.

तरीही मी इथं नाव लावण्याच्या बाजूचा आहे. नोंद शेतकऱ्याची स्वतःची आणि तपासणी थोडी, असं जिथं आहे तिथं शेजाऱ्याचा डोळा काढून घेतला की काहीच उरत नाही. फक्त गावाच्या भिंतीवर लावणं आणि जगाच्या पडद्यावर टाकणं यात फरक करावा. नाव, गट, क्षेत्र, रक्कम, तारीख, शेरा हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर महिनाभर. आधार, खाते क्रमांक, मोबाईल कुठंच नाही. बँकेचं नाव मागणाऱ्या खातेदाराला ग्रामपंचायतीतच सांगावं. पोर्टलवर गावनिहाय फक्त बेरीज: किती खातेदार पात्र, किती जणांना अदा, किती प्रलंबित आणि कशामुळं.

वैनींना मी एवढंच विचारलं की ऑगस्टमध्ये पहिली यादी लागली तेव्हा तुमचं क्षेत्र सगळ्यांनी वाचलं होतं, हेक्टरी पाच हजार हे वर्तमानपत्रात आलं होतं, मग रक्कम कुणाला काढता येत नव्हती? त्या म्हणाल्या, "ते खरं हाय. पण मोठ्यानं वाचू नका. लावा भिंतीला." सभेनं ते मान्य केलं. माझ्यापेक्षा त्यांचं सुचवणं जास्त शहाणपणाचं होतं.

रोजगार हमीच्या 2005 च्या केंद्रीय कायद्यात ग्रामसभेकडून सामाजिक अंकेक्षणाची तरतूद केली गेली. कुणी किती दिवस काम केलं, किती मजुरी मिळाली, हे सभेसमोर यावं अशी. रस्त्यावर माती टाकणाऱ्या मजुराचा हिशेब गावासमोर चालतो, तर बांधावरच्या खातेदाराचा का चालू नये?

आज कुठं आहे

वीटभट्टीच्या गटाची स्थळपाहणी व्हावी असा ठराव सभेनं केला आणि तालुक्याला पाठवला. पाहणी झाल्याचं पत्र अजून आलेलं नाही. वाटेकऱ्याच्या प्रश्नावर ठरावात एक ओळ आहे, तिचा उपयोग होईल असं मला वाटत नाही, तरी ती राहू दे असं सगळे म्हणाले.

नोव्हेंबर 2025 मध्ये एक मोठा बदल लागू झाला. वैयक्तिक विदा संरक्षणाच्या 2023 च्या कायद्यानं माहिती अधिकारातलं कलम 8(1)(ञ) बदललं. पूर्वी त्यात सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली वैयक्तिक माहिती नाकारता यायची, आणि व्यापक जनहित असेल तर तीही द्यावी लागायची. आता त्या कलमात "वैयक्तिक माहिती" एवढंच उरलंय. कलम 8(2) मधली जनहिताची तरतूद शाबूत आहे, आणि लाभार्थ्यांचा तपशील स्वतःहून प्रसिद्ध करायला सांगणारी कलम 4 ची ती बारावी बाबही शाबूत आहे. पण जानेवारीत मला मिळालेलं एका ओळीचं उत्तर आज आलं, तर अपिलात मला ते खोडून काढणं जास्त जड जाईल. म्हणून पुढचा अर्ज मी 4(1)(ख) वरूनच सुरू करणार आहे. "मला माहिती द्या" असं न म्हणता, "तुम्ही जे लावायला हवं होतं ते लावलं का, कधी लावलं, कुठल्या फळ्यावर" असं विचारणार आहे.

मेमध्ये आणलेल्या प्रती सध्या दूध संस्थेच्या भिंतीवर आहेत, खाते क्रमांक आधीच झाकलेल्या. सकाळ-संध्याकाळ धार घेऊन येणारा प्रत्येकजण तिथं फॅट लागेपर्यंत उभा असतो. तिसऱ्या पानावर कुणीतरी पेन्सिलीनं दोन गटांपुढं "उसात आंतरपीक होतं" असं लिहून ठेवलंय. यंदाच्या ई-पीक पाहणीत त्या दोन्ही घरांनी मिश्र पीक निवडलं. मीही निवडलं. या वेळी बांधावर आत्ती माझ्या शेजारी उभी होती आणि फोटो काढायच्या आधी तिनं दोनदा विचारलं, "सोयाबीन टाकलंस न्हवं?"